सरकलेली रेघ

१

रविवारी सकाळी लिफ्टवाल्यांशी बोलायचं तर खाली वाकून बोलावं लागे. चहा झाला की ते जे गाडीखाली शिरत, ते जेवायच्या हाकेलाच बाहेर येत, आणि तेही तिसऱ्या. सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं, म्हणून कॉलनीत त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा म्हणे. गाडी करड्या रंगाची, लेकीपेक्षा थोडीच लहान. मीटरने तीन लाख किलोमीटर कधीच मागे टाकले होते. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येता-जाता हळहळायचा, "काका, आता तरी हिला सुखाने डोळे मिटू द्या." त्यावर लिफ्टवाल्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "तुझ्या हाती पडली असती तर केव्हाच मिटले असते."

ही नुसती बढाई नव्हती. गाडीचा एकेक नट त्यांच्या ओळखीचा होता. त्यातून लिफ्टच्या कामातली एक सवय त्यांनी गाडीलाही लावली होती. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल रंगाची एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. मग पाना लावायची गरजच नाही, नुसत्या नजरेला कळतं की हे सैल झालंय. या कामासाठी बायकोची नेलपॉलिशची बाटली त्यांनी पळवली होती. रेघ संपताना ते मनगटाला बारीक झटका देत, त्यामुळे प्रत्येक रेघेला डावीकडे वळलेली एक शेपटी असे. लेक म्हणायची, "बाबांची सही."

या लेकीलाच आता घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागली होती आणि तिला गाडी हवी होती.

"माझ्या पोरीला मी ह्या डब्यातून घाटात पाठवणार नाही," बायको म्हणाली. "बसने जाऊ दे."

"बसचे बोल्ट कोण बघतो, माहीत आहे तुला?"

"आणि हिचे?"

"हिचे मी बघतो," लिफ्टवाले छातीठोकपणे म्हणाले. "पुढच्या रविवारी पोरगी गाडी घेऊन जाईल आणि सुखरूप पोचेल. जबाबदारी माझी."

बायकोने हात टेकले. लेकीने बापाच्या काळ्या झालेल्या पंजाला टाळी दिली आणि मग नाक मुरडत तो हात धुतला.

२

कामाला सुरुवात झाली ती इंजिनच्या वरच्या झाकणापासून. झाकणाच्या कडेने ऑइल पाझरत होतं. वय झालेल्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं, आतलं रबराचं गॅस्केट कडक होतं आणि धरून ठेवत नाही. झाकण उघडायचं, गॅस्केट बदलायचं, झाकण परत लावायचं. इतक्या वर्षांत हे झाकण उघडायची वेळ आली नव्हती, आणि लिफ्टवाल्यांना उगाच उघडझाप आवडत नसे.

झाकण निघालं. आत सगळं मधाच्या रंगाच्या ऑइलने माखलेलं होतं. त्याखाली बोल्टांची एक रांग होती, आणि त्यातल्या प्रत्येक बोल्टवर एक लाल रेघ होती. रेघेची शेपटी डावीकडे वळलेली होती.

लिफ्टवाल्यांनी आधी फडकं घेतलं आणि शांतपणे पुसून बघितलं. ऑइल निघालं, रेघ राहिली. अंगठ्याच्या नखाने खरवडल्यावर बारीक लाल कपची निघाली. नेलपॉलिशच होतं. खरं म्हणजे तापलेल्या ऑइलमध्ये ते महिनाभरही टिकलं नसतं, इथे तर ते काल लावल्यासारखं चकचकीत होतं. त्यांनी कपची बोटावर धरून उजेडात पाहिली. मग ते स्वतःशीच हसले. माणूस विसरतो. आपणच कधीतरी उघडलं असेल.

नवं गॅस्केट आणायला गेल्यावर त्यांनी गॅरेजवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, हे झाकण आधी उघडलेलं असलं तर कळतं का?"

जुन्या गॅस्केटचा तुकडा त्याने उलटसुलट करून पाहिला. "हे कारखान्यातून आलेलं आहे, काका. खुणेवरून कळतं. ह्याला आजवर कुणी हात लावलेला नाही."

"हं," लिफ्टवाले म्हणाले.

घरी येऊन त्यांनी गॅस्केट बसवलं आणि झाकण लावलं. टॉर्क पाना त्यांचा लाडका होता. त्यावर माप लावून द्यायचं, तितकं आवळलं गेलं की तो 'टक्' करतो आणि थांबा म्हणतो. एकेक बोल्ट 'टक्' बोलत गेला, तसा लिफ्टवाल्यांच्या जिवाला आराम पडला. त्यांनी बाहेरच्या बोल्टांवर रेघा ओढल्या आणि आतल्या रेघांचा विचार झाकणाबरोबर बंद करून टाकला.

३

त्यानंतर पुढची चाकं. जॅक लावला, चाक उतरवलं, ब्रेकचे पॅड पाहिले, त्यांच्या बोल्टांवरच्या आपल्या रेघा पाहिल्या. सगळ्या सरळ. मग नजर मागे गेली. स्टिअरिंगपासून चाकाकडे येणारा जो दांडा असतो, त्याच्या नटवर एक रेघ होती. ती त्यांनी ओढलेली नव्हती. तिथे गंज होता, आणि गंजावर ते कधी रेघ ओढत नसत, आधी घासून घेत.

आणि ती तुटलेली होती. वरचा तुकडा खालच्यापासून चांगला सरकला होता.

त्यांनी लगेच पाना लावला. नट जागचा हलला नाही, पाना तिथल्या तिथे 'टक्' म्हणाला. चांगला घट्ट होता की. लिफ्टवाले जमिनीवर पाठ टेकून त्या रेघेकडे बघत राहिले. रेघ म्हणत होती सैल, पाना म्हणत होता घट्ट. आयुष्यभर त्यांनी दोघांवर विश्वास ठेवला होता आणि दोघांत कधी भांडण झालेलं नव्हतं.

"खोटी आहे," ते मोठ्याने म्हणाले. गाडीखाली त्यांचा आवाज त्यांच्याच तोंडावर आला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्याबरोबर त्यांनी चाक पुन्हा उतरवलं. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. पण आता नट सैल झाला होता, बोटांनी फिरत होता. आणि तो फिरला होता बरोबर तेवढाच, जेवढी कालची रेघ सरकलेली दाखवत होती.

दुसरा कुणी असता तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. लिफ्टवाल्यांच्याही मनात क्षणभर पाल चुकचुकली. पण हाडाचा दुरुस्ती करणारा माणूस, त्याने विचार केला तो असा की, जे उद्या सैल होणार ते आपल्याला आजच दिसतंय. मग यात घाबरण्यासारखं काय आहे? ही तर चैन झाली. त्यांनी नट आवळला आणि तुटलेली रेघ पुन्हा एक झालेली पाहून शीळ वाजवत घरात गेले.

४

तो आठवडा त्यांनी डोळ्यांत तेल घालून काढला. कामावरून आलं की टॉर्च घेऊन गाडीखाली. दर दिवशी नव्या रेघा दिसत, जिथे हात पोचत नाही अशाही ठिकाणी. सरळ असेल तर सोडून द्यायची, सरकलेली असेल तर आवळायचं. इंजिनच्या पायाचा एक बोल्ट सापडला, सायलेन्सरची पट्टी सापडली. गाडी इतकी घट्ट झाली की दार लावल्यावर नव्या गाडीसारखा आवाज येऊ लागला. बायकोनेसुद्धा एकदा मान डोलावली, आणि बायकोची मान सहजासहजी डोलत नसे.

मग रेघा घरात आल्या. पहिली स्वयंपाकघरातल्या नळाच्या बुडाशी दिसली. मग पंख्याच्या हुकावर, मग दाराच्या बिजागरीच्या स्क्रूंवर. बाल्कनीच्या कठड्याची रेघ सरकलेली होती, लिफ्टवाल्यांनी उभ्याउभ्या तो आवळून टाकला. दुसऱ्या दिवशी बायको त्याच कठड्यावर रेलून खालच्या मजल्यावरच्या वहिनींशी तासभर बोलत होती. लिफ्टवाले आतून बघत होते आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

"अहो, घरभर माझं नेलपॉलिश का फासताय?" बायकोने शेवटी विचारलंच. "पाहुण्यांना काय वाटेल?"

"राहू दे. कामाच्या आहेत रेघा."

"आणि आणता कुठून? ती बाटली केव्हाच सुकली. मीच टाकली कचऱ्यात."

लिफ्टवाल्यांनी जाऊन अवजारांची पेटी उघडली. आत नवी बाटली होती, जरा फिक्या रंगाची. नळावरच्या, दारावरच्या, गाडीखालच्या सगळ्या रेघा जुन्या गडद लाल रंगाच्या होत्या. त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. जी गोष्ट आपल्या फायद्याची आहे तिची चौकशी कशाला करा, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शनिवारी दुपारी ऊन कलल्यावर ते गाडी पुसायला गेले. काचा वर, चारही दारं बंद होती. पुढचं दार उघडलं आणि आतून तो वास आला, ताज्या नेलपॉलिशचा, नाकात झोंबणारा. त्यांनी मागचं दार उघडलं. मागच्या सीटच्या पट्ट्याचा जो बोल्ट असतो, त्यावर रेघ होती. बोट लावलं तर बोट लाल झालं.

रेघ ओली होती.

तेव्हाच त्यांचं लक्ष सीटकडे गेलं. ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे, बसायच्या जागी सीट खोल दबलेली होती. आणि ते बघत असताना ती हळूहळू वर येत होती. एखादं माणूस उठून गेल्यावर येते तशी. फोमचा बारीक करकर आवाज येत राहिला आणि मग थांबला. सीट सपाट झाली.

कॉलनीत पोरं खेळत होती. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. लिफ्टवाल्यांनी हातातलं फडकं पिळलं. जुना फोम. दिवसभर उन्हात तापलेला, दार उघडल्यावर हवा लागली, फुगला. असंच असणार. त्यांनी काचा खाली केल्या, वास जाईपर्यंत थांबले, आणि सीट दोनदा जोरात झटकली. उद्या सकाळी पोरगी निघणार होती. हे सांगितलं असतं तर बायकोने तिला बसमध्ये बसवलं असतं, आणि बसचे बोल्ट कोण बघतो?

५

रविवारी सकाळी गाडी लखलखत होती. लिफ्टवाले पहाटेच उठून सगळ्या रेघा बघून आले होते. एकूणएक सरळ. इतकी निर्दोष गाडी त्यांनी आयुष्यात कुणाच्या हाती दिली नव्हती आणि ती लेकीच्या हाती द्यायची होती, त्यामुळे आनंदाने त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बायको डबे भरत होती, डोळे पुसत होती, आणि मधूनच "पोचल्यावर फोन कर" म्हणत होती.

"आई, अजून मी निघालेही नाहीये."

"तरी सांगते."

लेकीने केस वर गोळा करून चिमट्यात अडकवले आणि मोठी बॅग उचलायला वाकली. लिफ्टवाले मागेच उभे होते. तिच्या मानेवर, केस संपतात तिथून मणक्याच्या उंचवट्यापर्यंत, एक लाल रेघ होती. डावीकडे वळलेल्या शेपटीची.

वरचा तुकडा खालच्यापासून सरकलेला होता.

"थांब जरा," ते म्हणाले. त्यांनी अंगठ्याने रेघ पुसली. ती गेली नाही. थुंकी लावून पुसली.

"बाबा, काय करताय? ई!"

"मानेला काही होतंय का तुझ्या?"

"अहो, तुम्हाला कसं कळलं? उठल्यापासून सैल पडल्यासारखी वाटतेय. डोकं नुसतं ठेवून दिलंय असं. उशीमुळे असेल."

आज रेघ सरकली म्हणजे उद्या ते व्हायचं. आणि ही मुलगी उद्या त्यांच्यापासून घाटभर दूर असणार होती. ओरडावं, तिला थांबवावं, गाडीत दोष आहे असं खोटंच सांगावं, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण गाडी थांबवून काय होणार होतं? रेघ गाडीवर नव्हती. पोरगी बसने गेली असती तरी मान बरोबरच नेली असती. आणि सैल झालेल्या गोष्टीचं काय करायचं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"जरा नीट उभी राहा," ते म्हणाले. "मान मोकळी करून देतो."

त्यांनी एक पंजा तिच्या हनुवटीखाली धरला, दुसरा डोक्यामागे. टॉर्क पान्याला माप लावता येतं, हाताला कोण लावून देणार? लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवावं तसं त्यांनी हलक्या हाताने फिरवलं. काहीतरी आत सरकलं. मग त्यांच्या तळव्यांत स्पष्ट 'टक्' झालं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण पोरगी घाटातून जाणार होती, एकटी. त्यांनी लेकीसाठी म्हणून अंमळ जास्त फिरवलं.

"आई गं!" लेक ओरडली. मग ताठ झाली. "अरे वा. बरं वाटलं की! एकदम घट्ट."

मानेवरची रेघ सरळ झाली होती, एका रेषेत, वरपासून खालपर्यंत. लिफ्टवाल्यांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांना हसू आलं. बायकोने विचारलं, काय झालं, तर ते म्हणाले, काही नाही, मी आहे ना.

लेक गाडीत बसली. गाडी मागे घेताना ती सरळ समोर बघत होती, नुसत्या आरशांवर भागवत होती. फाटकापाशी बायकोने हात हलवला, तर खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. चेहरा काही वळला नाही.

"मुलीने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही हो," बायको म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

६

फोन आला तेव्हा लिफ्टवाले अवजारं पुसत बसले होते. लेकीचा आवाज स्पीकरवरून येत होता, त्यामागे इंजिन एका लयीत चालू होतं. इंजिन ऐकून त्यांना आधी बरं वाटलं.

"बाबा, गाडी मस्त चाललीय. लोण्यासारखी."

"मग? मी काय म्हटलं होतं?"

"घाट चढतेय आता. फक्त मान वळत नाहीये. म्हणजे दुखत नाही, पण अजिबातच वळत नाही. तुम्ही जरा जास्तच आवळलीत वाटतं." ती हसली.

लिफ्टवाल्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "गाडी बाजूला घे."

"जागाच नाहीये इथे. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी, मागे ट्रक. वर गेल्यावर घेते." मग गिअर बदलल्याचा आवाज आला. "बाबा, एक विचारू? मागच्या सीटवर तुम्ही काही ठेवलंय का?"

"नाही. का?"

"वास येतोय. आईच्या त्या नेलपॉलिशचा. आणि सीट करकरतेय. कुणी पुढे सरकल्यासारखी."

"आरशात बघ," ते म्हणाले. "आरशात बघ, बाळा."

"बघितलं. आरशात कुणी नाहीये."

"मग वळून बघ."

"तेच तर म्हणतेय. वळता येत नाहीये." आता ती हसत नव्हती. तिचा आवाज लहानपणी काळोखात यायचा तसा बारीक झाला होता. "बाबा, तुम्ही फोन ठेवू नका. मानेला काहीतरी गार लागतंय. ओलं आहे. वरून खाली येतंय, हळूहळू."

लिफ्टवाल्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू तिची मान तिथेच समोर होती आणि ती उलट फिरवून मोकळी करता येणार होती.

"कोण आहे?" त्यांनी फोनमध्ये ओरडून विचारलं. "कोण आहे गाडीत?"

पलीकडे इंजिन एका लयीत चालू होतं. त्यात कुठलाही दोष नव्हता.